वरातीची घोडी मागे येत नाही

“आई, तुम्ही आधी दूर व्हा,” सून चरातून ओरडली. “तुमाले पाहून घोडी अजून बिथरून राहिली.”

घोडी माझी. तिला दाणा घालणारी मी. आणि कळमेश्वरच्या रस्त्यावर, भर वरातीत, मलाच दूर व्हायला सांगितलं. खोटं असतं तर मी तिला तिथेच चार शब्द सुनावले असते. पण खरं होतं. मी काठावरून वाकले की घोडी पाय झाडायची आणि चराच्या भिंतींना अंग सोलून घ्यायची.

झालं असं. कोणीतरी फटाक्यांची लड तिच्या पायाशीच लावली. घोडी उसळली. मी सवयीने लगाम ओढला, छडी उगारली, आणि छडी चुकवायला ती नालीसाठी खोदलेल्या चरात गेली. नवरदेव आधीच उडी मारून रस्त्यावर पडला होता.

“नवरदेवा, सासुरवाडी तिकडं हाय गा!” एकजण ओरडला. लोक हसले. मग त्यांनी चरात पाहिलं आणि काठाशी गोळा झाले.

चर घोडीच्या अंगाएवढाच रुंद. पुढे लोखंडी सळ्या टोकं काढून उभ्या. वळायला जागा नाही. मागच्या टोकाला मजुरांनी उतरायला उतार ठेवला होता, वाट तेवढीच. म्हणजे घोडीने मागे मागे चालत यायला हवं होतं.

आमचा धंदा वरातीला घोडी भाड्याने द्यायचा. त्यात घोडीला मागे चालवत नाहीत. नवरदेव मागे सरला म्हणजे लग्न फिरलं, असं धरतात. सासऱ्यांपासून हेच चालत आलं. घोडीला पुढे चालायला आणि बँडवर नाचायला शिकवायचं, तेही छडीने. घोडीने माणसाला भ्यायलाच पाहिजे, असं मी चौथी शिकलेली बाई सगळ्यांना ठासून सांगायचे.

सून काटोलची, संत्र्याच्या बागेतली. घोडा तिने लग्नातच पाहिलेला. आमच्या घरी आल्यावर मोबाइलवर काय काय पाहून ती रोज सकाळी घोडीला घरामागच्या मैदानात न्यायची. पाठीवर बसायची नाही. दोर ढिला सोडून नुसती सोबत चालायची, थांबायची. ती थांबली की घोडी थांबायची. मग समोर उभी राहून तळहात दाखवायची. घोडी एक पाऊल मागे सरली की लगेच हात खाली, आणि मानेला खाजवणं.

“तिले मागं काहून चालवून राहिली वं? धंदा बुडवतं का माझा?”

“पुढं तर ते भिऊनही जाते, आई. मागं भरवसा असला तरच येते.”

मी शेजारणींना बोलावून दाखवायचे, “पाहा वं, माही सून घोडीसंग फुगडी खेळून राहिली.” त्या हसायच्या. सूनही हसायची, पण दोर सोडायची नाही.

त्या दिवशी ती वरातीत माझ्यासोबत होती. ती चरात घोडीच्या पुढून उतरली, घोडी आणि सळ्यांच्या मध्ये. घोडी पुढे उसळली असती तर आधी सून सळ्यांवर गेली असती. मी तिला नको म्हटलं नाही. घोडी हातची जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सुनेचा विचार नंतर आला. हे सांगताना मान खाली जाते.

तिने दूर व्हायला सांगितलं तशी मी वऱ्हाडाच्या मागे जाऊन उभी राहिले. छडी हातातच होती, ती पदराखाली घेतली. बँड थांबला होता.

सुनेने लगामाचा दोर ढिला केला. “आपण मैदानातच आहो,” ती घोडीला म्हणाली आणि नुसती उभी राहिली. घोडीचे कान तिच्याकडे वळले. मान खाली आली. मग सुनेने तळहात दाखवला. घोडी एक पाऊल मागे सरली. हात खाली. पुन्हा तळहात. मागचे खूर उताराला लागले तेव्हा घोडी थबकली, सगळं अंग थरथरत होतं. सुनेने ओढलं नाही, ढकललं नाही. थोड्या वेळाने घोडी आपणच मागे सरली आणि वर आली.

“मावशी, घोडी तुमची का सुनेची वं?” एका पाहुण्याने विचारलं. नवरदेव पायीच मांडवात गेला. लग्न लागलं.

आता सकाळी दोर मी धरते. मी हात उचलला की घोडी अजूनही मान झटकते, शेजारणींच्या देखत. “घाई नका करू, आई,” सून म्हणते. मी हात खाली घेते.

त्या चरात दोघी होत्या, घोडी आणि सून. दोघीही जगल्या.