धारेच्या वेळचा कवी

शेवगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक वस्ती आहे. तिथल्या गोठ्यात मी कामाला आहे. माझं गाव फार लांब, धानाच्या मुलखात; आगगाडीची अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस जातो. सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं आणि आम्ही दोघं इकडं आलो. इकडं गोठ्यावर एकटा माणूस ठेवत नाहीत, जोडपं ठेवतात. एकानं शेण-चारा बघायचा, दुसऱ्यानं धारा काढायच्या. गोठ्याला लागून खोली मिळते, ती जोडप्यालाच मिळते.

मागच्या हिवाळ्यात माझा नवरा गाईंसाठी घास कापता कापता बांधावर बसला, तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मालकांना मी दादा म्हणते, मालकीणबाईंना वैनी. दोघांनी गाडी करून त्याला गावी पोचवलं, सगळं केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी परत आले. गावी कुणापाशी राहायचं होतं?

मला रडू आलं नाही. बायका म्हणायच्या, रड गं, मोकळी हो. मी त्यांच्याकडं बघत बसायचे. थंडीत बोटं बधिर झाली की चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच्या बोटाला काढल्यासारखा वाटतो, तसं सगळं अंगभर होतं. त्याला दुःख म्हणावं की नाही, हेही मला कळत नव्हतं.

धारा तो काढायचा. मशीन लावायच्या आधी कास धुताना त्याचं बोलणं सुरू व्हायचं, ते सड पुसून होईपर्यंत. आमच्याच बोलीत गावच्या तळ्याचं सांगायचा, नाहीतर मी चहात साखर विसरले त्याचं. मी धारेला बसू लागले ती मुकाट्यानं. बोलायचं सुचायचंच नाही. मग गाई दूध चोरू लागल्या. म्हणजे कासेत दूध असतं, पण पान्हा सोडत नाहीत, वर ओढून धरतात. एक शिंग मोडलेली गाय होती, ती तर पायही झाडायची. मशीन नुसतं फुसफुसत राहायचं. डेअरीत न्यायचे कॅन हलके जाऊ लागले.

शेजारच्या वस्तीवरचे बापू एकदा माझ्यासमोरच दादांना म्हणाले, "पान्ह्याचं इंजेक्शन टोचा की! न्हाईतर नवं जोडपं आना. माझ्या बघन्यात हाय एक."

"इंजेक्शन नको. बघू," दादा म्हणाले.

त्यांचं ते 'बघू' मी पोटात घेऊन फिरत होते. मालक वाईट नव्हते. वाईट असते तर राग तरी करता आला असता.

वैनींनी मग घरातला जुना रेडिओ आणून खांबाला टांगला. "गाईंला आवाजाची सवय लागलीया. गाणी लाव." गाणी लावली, काही फरक पडला नाही. मी काटा फिरवत होते, तोच एक म्हातारा आवाज लागला. कुणी कवी होते. जुन्या काव्यांवर रोज थोडा वेळ बोलायचे, नेमकं संध्याकाळच्या धारेला. आणि तेच दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारेला पुन्हा लागायचं. बोलायचे इतके सावकाश, की मधे खोकला आला तरी घाई नाही. कागद उलटल्याचाही आवाज यायचा. शिंगमोडीनं कान मागं टाकले, रवंथ करू लागली आणि तिनं पान्हा सोडला.

दादा बघायला आले. "आयला! शाळंत कविता आली की मी झोपायचो. हितं गाई दूध देत्यात!"

"तुमी झोपायचा म्हनून तर हितं शेन काढताय," वैनी म्हणाल्या.

दादांनी बापूंना जरा थांबायला सांगितलं. माझी खोली त्या कवींच्या आवाजावर टिकून राहिली होती.

त्यांचं निम्मं मला कळायचं नाही. पण एकच गोष्ट दोनदा ऐकल्यावर काही काही डोक्यात राहायचं. एकदा ते म्हणाले, पुन्हा भेटीची आशा असते तोवर तो विरह. आशा तुटली की शोक. जुन्या जाणकारांनी या दोन्हींचे रस वेगळे मानलेत. मी कास पुसत होते. माझं काय, याचा विचार केला. दोन्हींतलं काहीच सापडलं नाही. मग मशीन लावलं.

आणखी एकदा म्हणाले, जुन्या काव्यांतला दुःखी माणूस माणसाला काही विचारतच नाही. तो झाडाला विचारतो, नदीला विचारतो, रानातल्या हरणाला विचारतो. "तो वेडा नसतो, मंडळी. माणसं फार लवकर उत्तर देतात, म्हणून." हे सांगून ते बराच वेळ गप्प बसले. रेडिओ बिघडला असं वाटून मी उठले, तर पुन्हा खोकले.

एका संध्याकाळी त्यांनी निरोप घेतला. मालिका संपली. सकाळी तेच पुन्हा लागलं, तेवढी एक धार मिळाली. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या वेळेला खतांची माहिती लागली आणि शिंगमोडीनं बादलीला लाथ मारली.

वैनींनी रेडिओ केंद्राला फोन लावला. "त्ये कवी परत कदी लागनार?" तिकडून काहीतरी विचारलं असावं. "आवं, आमी न्हाई, गाई ऐकत्यात! दूध देईनात ना!" मग फोन कानापासून लांब धरून माझ्याकडं बघितलं. "हसतुया मेला. संपली म्हनं मालिका."

मी हसले नाही. दादा अंगणात बापूंशी बोलत होते, ते मला ऐकू येत होतं. रविवारी नवं जोडपं बघायला येणार होतं.

रविवारी सकाळी मी धारेला बसले. रेडिओ लावला नाही. शिंगमोडीची कास धुतली. तिनं अंग आखडून घेतलं. आता मलाच बोलायला हवं होतं. कवींचंच बोलणं म्हणून बघितलं, त्यांच्यासारखं सावकाश: "जुन्या काव्यांतला दुःखी माणूस झाडाला विचारतो." गाय हलली नाही. दूधही नाही. पुस्तकी बोलणं माझ्या तोंडात पाहुण्यासारखं अवघडून बसलं होतं.

मग ते आपोआप आमच्या बोलीत शिरलं. "झाडाले पुसतो, माय. नदीले पुसतो. इथं तं नदीबी न्हाई, कोणाले पुसू? तुले पुसतो. तू तं रोज पाह्यत होती त्याले. कोठी गेला सांग." आमच्याकडं बाईसुद्धा 'पुसतो' म्हणते, इकडच्या बायका त्याला हसतात. गोठ्यात कुणी हसणारं नव्हतं. मी पुढं बोलत राहिले. तळ्याचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, बांधावर राहिलेला विळा मी अजून आणला नाही तेही सांगितलं.

कास हाताखाली भरून आली. मशीन लावलं तर नळीतून दूध पांढरंफेक पळू लागलं. मला बरं वाटलं असं म्हणता येत नाही. मी पुढच्या गाईकडं गेले आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कॅन उचलायला वळले, तेव्हा दादा दारात उभे दिसले. कधीपासून होते कोण जाणे. त्यांनी कॅनमध्ये डोकावलं, खिशातून मोबाईल काढला आणि बाहेर जाता जाता म्हणाले, "बापू, त्या जोडप्याला म्हनावं, येऊ नका. व्हय, हिलाच ठिवतोय. शेनाला लावू एक गडी."

नंतर वैनी चहा घेऊन आल्या. "काय सांगत हुतीस गं गाईंला?"

"रेडिओवरचंच."

"रेडिओवरचा बाबा असलं काय बोलत न्हवता," त्या म्हणाल्या. थोडा वेळ माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

चहात साखर बरोबर होती. तो पिऊन मी बादल्या धुतल्या, आणि बांधावर जाऊन विळा घेऊन आले.