आमच्या गतिरोधकावर मोडलेली मोटार

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आई आणि वडील दोघंही मोर्च्यांतले, त्यामुळे घरात पुस्तकं कमी आणि वाटून उरलेली पत्रकं जास्त. माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा त्यांचीच असायची. काही खटकलं की तोंड उघडायच्या आधी माझा हात कागदाकडे जातो, तो तेव्हापासूनच.

गतिरोधकाचं पत्रक मीच लिहिलं होतं. येडगाव धरणाकडून आळेफाट्याकडे येणाऱ्या एका आडरस्त्यावर आमची वस्ती आहे. शाळेतून परतणाऱ्या एका मुलीला पिकअपनं उडवलं, तिचा पाय मोडला. आम्ही अर्ज केले. पुन्हा केले. उत्तर नाही. मग मी पत्रक काढलं: ‘मागून मिळत नसेल तर बांधून घेऊ.’ एका रविवारी दुपारी वस्तीनं वाळू, खडी, सिमेंट गोळा केलं आणि खरंच बांधून घेतलं. खडी ज्यांच्या ट्रॉलीतून आली ते शेजारचे तात्या म्हणाले, “चार बोटं उंची बास झाली.” मी म्हणाले, “चार बोटांना कोण भितंय, तात्या? वीतभर करा.” वीतभर झाला. रंग नाही, फलक नाही. त्याच्यावर उभं राहून आम्ही फोटो मात्र काढले.

पंधरा दिवसांनी कळलं की जुन्या मोटारींची रॅली आमच्या रस्त्यानं जाणार आहे. युरोपातून निघालेल्या, आपल्या आजोबांच्या वयाच्या गाड्या. समुद्र आडवा आला तिथं जहाजात चढवलेल्या, मुंबईला उतरवलेल्या, आता नाशिकवरून पुढं पार आशियाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या. मोठे रस्ते टाळून मुद्दाम आडवळणानं जायचं, हा त्या खेळाचाच भाग. मला संताप आला होता. नुसती हौस म्हणून पेट्रोल जाळत खंडच्या खंड ओलांडायचे! निषेधाच्या पत्रकाचं पहिलं वाक्यही सुचलं होतं. तरी बघायला गेले. सगळी वस्तीच गेली होती.

पहिल्या पाच-सहा गाड्या सावकाश गेल्या, कारण त्यांच्या पुढं गुरं चालली होती. मग रस्ता मोकळा झाला आणि एक निळी, उघड्या टपाची, गोल दिव्यांची गाडी जोरात आली. बाभळीच्या सावलीत गतिरोधक रस्त्यासारखाच दिसत होता. गाडी उडाली, आपटली, ठण्णकन आवाज झाला आणि मागची डावी बाजू खाली बसली.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

गाडीतून दोन बायका उतरल्या. दोघी सख्ख्या बहिणी, सत्तरीच्या आसपासच्या. थोरली गाडी चालवायची, धाकटी मांडीवर वही घेऊन वाट सांगायची. धाकटीनं वाकून गाडीखाली पाहिलं आणि हातातली वही मिटून टाकली.

“ए पोरी, तुला इंग्रजी येतंय ना? मग बोल की!” तात्यांनी मला पुढं ढकललं.

बोलले तेव्हा सगळं समजलं. मागच्या कमानीचा, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या जुडीचा, मुख्य पाटा तुटला होता. संध्याकाळी सातच्या आत नाशिकच्या मुक्कामाला पोचून कार्डावर शिक्का पडला नाही, तर त्यांची रॅली इथंच संपणार होती. आयोजकांची दुरुस्तीची गाडी दुसऱ्या कुणाच्या मदतीला कधीच पुढं निघून गेली होती. साडेदहा वाजले होते. आणि या दोघी तीन महिने गाडी चालवत इथवर आल्या होत्या.

थोरलीनं गतिरोधकाकडे बोट केलं. “असलं काहीतरी, खूण न करता, कुणी बांधलं?”

भाषा कळली नाही तरी तात्यांना सूर कळला. ते हळूच म्हणाले, “सांग, सरकारनं केलाय. त्यास्नी काय म्हाईत पडतंय?”

खोटं सहज खपलं असतं. माझ्या पत्रकांतलं सरकार इतकं काही करतं की त्यात आणखी एकाची भर पडली असती, एवढंच. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, “आम्ही बांधला. किती उंच बांधायचा ते मी ठरवलं.” मग त्या मुलीच्या पायाचं सांगितलं.

थोरलीनं वाकून गतिरोधकाची उंची वितीनं मोजली. मग नुसतं “हं” म्हणाली.

“काय म्हनली?” तात्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मंजी लईच चिडली.”

तात्यांनी ट्रॅक्टर जोडला आणि ती निळी गाडी हळूहळू ओढत आळेफाट्याला नेली. तिथं कमानपाट्याचं एक जुनं दुकान आहे. चालवणारे चाचा मूळचे जुन्नरचे. हंगामात पारगावच्या कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या मोडल्या की यांच्याकडंच येतात. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडीभोवती एक फेरी मारली.

“हिच्या वयाचा पाटा माझ्याकडं न्हाई,” ते म्हणाले. “माझ्या वयाचा हाय. जुन्या जीपचा. चालंल?”

“चाचा, सातच्या आत नाशिकला पोचायचंय त्यांना.”

“मंग तू आता गप बस, बेटा. आनि तो पाना दे.”

गप बसणं मला जमत नाही, पण बसले. डोक्यात एकच चाललं होतं. एका पोरीचा पाय वाचवायला निघालो आणि दोन म्हाताऱ्या बायकांचा जन्मभराचा प्रवास मोडून ठेवला. तोही माझ्या हट्टानं. चार बोटांवर भागलं असतं.

चाचांनी कमान उतरवली, तुटलेला पाटा चिंधीनं पुसला आणि मला हाक मारली. “हिकडं ये. हे बघ.” तुटलेल्या तोंडाचा बहुतेक भाग काळपट, गंजलेला होता. कडेला बोटाच्या पेराएवढाच तुकडा नव्या लोखंडासारखा चकाकत होता.

“काळं हाय ते जुनं. ही चीर लई दिवसांची. असा गंज काय आज सकाळी धरत न्हाई. ही चकाकी तेवढी आजची. हा पाटा आज न्हाई तर उद्या तुटनारच व्हता. फुडं नाशिकच्या वाटंवर चंदनापुरीच्या घाटात तुटला असता, तर तुमी काय केलं असतं?”

मी दोघींना तसंच्या तसं सांगितलं. थोरलीनं गंजावर अंगठा फिरवला. तिनं काही बोलायच्या आधीच धाकटी तडकली. डोंगराळ मुलुख ओलांडल्यापासून मागून कुरकुर येतेय असं ती सांगत होती, आणि थोरली रोज म्हणायची, तुझ्या कानात वारं भरलंय! दोघींचं असं काही जुंपलं की चाचांनी हातोडा खाली ठेवला.

“काय झालं?”

“बहिणी आहेत, चाचा.”

“मंग चालू दे.”

मला जरा हायसं वाटलं. या योगायोगाला विजय म्हणायचा मोह झाला, नाही असं नाही. आमच्या गतिरोधकानं दोघींना घाटातून वाचवलं, असं पत्रक झक्कास झालं असतं. पण त्यांना वाचवायला आम्ही तो बांधला नव्हता. आणि तो चकाकता तुकडा आमचाच होता.

चाचांनी जीपचा पाटा कापला, टोक भट्टीत लाल करून त्याचा डोळा, म्हणजे बोल्ट अडकवायची गोल कडी, वळवला, जुन्या पाट्यावर ठेवून ठेवून बाक जुळवला, जळक्या ऑइलमध्ये बुडवला. जुळवणी करताना सवयीनं त्यांनी एक पाटा जास्तीचा उचलला. इथं प्रत्येक जण गाडीत मावेल त्याच्या दुप्पट माल भरतो, म्हणून न विचारता एक पाटा वाढवून द्यायची इथली रीतच आहे. थोरलीनं त्यांचा हात धरला. नको, गाडी एका बाजूनं उचलली जाईल.

“बाईला इचार, मागं ऊस न्हाई का भरायचा?”

मी सांगितलं. सकाळपासून त्या पहिल्यांदा हसल्या, दोघी एकदम.

सव्वातीनला त्या निघाल्या. जाताना थोरलीनं माझा नंबर घेतला आणि पोचलो की कळवीन म्हणाली. रागावली होती की नव्हती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी बसवेना. मी पहार घेतली आणि गतिरोधकाचा माथा फोडायला लागले. तात्या आले, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले.

“वीतभर करा म्हनत व्हतीस.”

“तात्या, पहार धरा.”

“चार बोटं ना?”

“चार बोटं.”

साडेसहा झाले तरी फोन गप्पच. घाटात अडकल्या असतील, नवा पाटा सरकला असेल, असलं सगळं मनात येऊन गेलं. सातला वीस मिनिटं असताना फोन वाजला. फोटो होता. ताजा शिक्का पडलेल्या कार्डाचा. खाली ते धरणारा ऑइलनं माखलेला अंगठा. सोबत एक ओळ: घाटात काहीही कुरकुरलं नाही, मात्र बहीण अजून कुरकुरतेय.

“तात्या, पोचल्या!”

तात्या खडीच्या ढिगावर बसले. “अगं, मग बस की आता तू बी. दुपारच्याला जेवलीस तरी का?”

मी बसले. जेवले नव्हते, हे तेव्हा आठवलं.