मनकर्णाबाईंची हजेरी

मनकर्णाबाई कामरगावच्या मुलींच्या शाळेवर रुजू झाल्या तेव्हा मानमोडीची साथ ओसरून एक उन्हाळा गेला होता. त्या तापात दोन-चार दिवसांत माणूस जाई. गावात असं घर क्वचितच होतं जिथून कोणी गेलं नव्हतं. शाळा एका खोलीची, बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाईंच्या आधीची शिक्षिकाही त्याच तापात वारली होती आणि तेव्हापासून खोलीला कुलूप होतं.

बाई मूळच्या कारंज्याच्या. वडील पुंजाजी माळी गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, मिरच्या काढत आणि बाजारात विकत. मनकर्णेचं लग्न लहानपणीच झालं होतं. सासरी जायच्या आधीच नवरा पटकीनं गेला. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि रडू लागल्या. का, ते कोणी सांगितलं नाही. आदल्या दिवशी तिच्या हातून दुधाचं गाडगं फुटलं होतं, त्याचीच ही शिक्षा, असं तिला वाटलं. ती गोठ्यामागे जाऊन बसली. संध्याकाळी पुंजाजींनी तिला शोधून काढलं, मळ्यात नेलं, विहिरीजवळ बसवलं आणि म्हणाले, "तुहा नवरा मेला. म्हणून बांगड्या फोडल्या. तुही काई चूक नाई."

त्या वेळी आपल्याला रडू आलं नाही, हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, असं बाई पुढे सांगत.

पुंजाजी ज्यांच्या घरी भाजी टाकत, त्यातलं एक घर कारंज्यातल्या शाळेच्या मुख्य बाईंचं होतं. त्यांच्या सांगण्यावरून मनकर्णा शाळेत गेली, पुढे अमरावतीला शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आली. त्यांच्या जातीत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत असे. मागण्याही आल्या. पण ती नको म्हणाली आणि पुंजाजींनी आग्रह धरला नाही.

कामरगावातलं पहिलं वर्ष वाईट गेलं. मुली पाढे म्हणता म्हणता झोपून जात. कोणी पेन्सिलीच्या तुकड्यावरून दुसरीचे केस ओढी. कोणी काही कारण नसताना दुपारभर रडे. अमरावतीला छडी कशी वापरावी हे शिकवलं नव्हतं, पण बाईंनी ती वापरली. बऱ्याचदा वापरली. वर्ग गप्प होई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एके दिवशी हजेरीत नाव पुकारलं तरी एक मुलगी ओ देईना. बाई छडी घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. मुलीनं आधीच हात पुढे केला होता. बाईंनी विचारलं, काय झालं तुला? मुलगी म्हणाली, मले मालूम नाई. ती खोटं बोलत नव्हती, हे बाईंना दिसलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. गोठ्यामागे बसलेल्या मनकर्णेलाही कोणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं.

त्यानंतर हजेरीची पद्धत बदलली. नाव पुकारलं की मुलीनं 'हजर' म्हणायचं आणि आज मन कसं आहे तेही सांगायचं. सुरुवातीला सगळ्याजणी 'बरं हाय' म्हणून खाली बसत. बाई पुढचं नाव घेत. मग एका माळ्याच्या मुलीनं सांगितलं, 'उन्हात सुकल्या मेथीवानी हाय.' वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे सुकल्यासारखं कुठे वाटतं? मुलीनं छातीवर हात ठेवला. हळूहळू बाकीच्याही बोलू लागल्या. एकीचं मन जात्यात खडा आल्यासारखं, एकीचं रिकाम्या मोटेसारखं. ज्यांना शब्द सापडत नसे त्या नुसता हात कुठेतरी ठेवत, गळ्यावर, पोटावर, आणि तेवढंही चाले.

खोलीच्या कोपऱ्यात बाईंनी कापसाची एक टोपली ठेवली होती. जिचा राग आवरत नसे तिला तिथे बसवून सरकी काढायला लावत. ती शिक्षा नाही, हे त्या आधीच सांगत. बोंडातून एकेक सरकी सोडवायला बोटं हळूच चालवावी लागतात. ओढाताण केली की कापूस तुटतो. श्वास खाली बसला की मग बाई शेजारी जाऊन बसत आणि काय झालं ते विचारत. एक वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की ते मुलींच्या तोंडी बसलं: "राग येनं तुह्या हातात नाई. हात उचलनं तुह्या हातात हाय."

सगळं साधलं असं नाही. रामराव नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी तापात दोन भाऊ गेल्यापासून बोलतच नव्हती. बाईंनी तिला शेजारी बसवलं, तिच्या घरी गेल्या, खूप वाट पाहिली. ती सरकी काढी, बाराखडी लिही, पण तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. तिचं काय झालं ते बाईंना कळलं नाही.

पंचफुला शाळेत आली ती या सुमाराला. वडील दौलतराव गावातले मोठे शेतकरी, शाळेच्या पंचांत त्यांचं नाव होतं. पंचफुला हुशार होती आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हती. एका मुलीच्या दंडाला ती कडकडून चावली होती. हजेरीत मन कसं आहे विचारलं की 'हजर' एवढंच म्हणे.

तिची आई सीताबाई बाळंतपणाला माहेरी शेलूबाजारला गेली होती. तिथेच मानमोडीनं ती आणि तान्हं बाळ, दोघंही गेली. पंचफुलेला मात्र सांगितलं होतं की माय माहेरी आहे, येईल. वर्षाच्या आत दौलतरावांनी दुसरं लग्न केलं. नवी बायको विजयमाला, वयानं लहानच. तिला मावशी म्हणायचं असं पंचफुलेला शिकवलं. साऱ्या गावाला खरं ठाऊक होतं. घराघरांतून मुलींना ताकीद होती की तिच्यापुढे बोलायचं नाही. घरात आलेली ही मावशी जात का नाही आणि माय येत का नाही, हे त्या मुलीला कोणी सांगत नव्हतं.

एका सकाळी पाटीवरून भांडण झालं आणि समोरची मुलगी बोलून गेली की तुही माय तर मेली. पंचफुलेनं पाटी तिच्या कपाळावर मारली. रक्त आलं. बाईंनी जखमेवर हळद दाबली, त्या मुलीला घरी पोचवायची व्यवस्था केली आणि पंचफुलेला कोपऱ्यात टोपलीजवळ नेलं. तिनं कापसाला हात लावला नाही. ती म्हणाली, "बाई, ते खोटं बोलून राह्यली ना?"

बाई म्हणाल्या, मी तुला उद्या सांगते.

शाळा सुटल्यावर त्या सरळ दौलतरावांकडे गेल्या. मुलीनं विचारलं आहे, तुम्ही सांगा, बापानं सांगितलेलं बरं, असं त्यांनी समजावलं. दौलतराव ओसरीवर बसून होते. पोरगी लहान आहे, विसरून जाईल, म्हणाले. ती विसरलेली नाही, ती वाट पाहते आहे, असं बाई म्हणाल्या. तेव्हा दौलतरावांचा आवाज चढला. बाईंचं काम अक्षरं शिकवायचं आहे, आमच्या घरातलं आम्ही पाहू, असं सांगून ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पंचफुला सर्वांच्या आधी येऊन दारात उभी होती. बाईंनी कुलूप काढलं, तिला आत घेतलं, आपल्याजवळ बसवलं. मग तिचे दोन्ही हात हातात धरून सांगितलं, "तुही माय मेली. तापानं मेली. तू काई केलं म्हणून नाई."

मुलीनं हात सोडवून घेतले. ती रडली नाही. बाळही का, एवढंच विचारलं. बाई हो म्हणाल्या. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि दिवसभर फळ्याकडे पाहत राहिली.

त्याच संध्याकाळी तिनं घरी जाऊन बापाला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. दौलतरावांनी वर तक्रार केली. त्यांच्या भाऊबंदांनीही आपल्या मुली काढून घेतल्या. मुलींच्या मनात नाही नाही ते भरवतात, असं गावात बोललं जाऊ लागलं. तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलींना पाढे विचारले, कविता म्हणायला लावल्या, सगळं ठीक निघालं. मग बाईंना एकटं बोलावून विचारलं की मुलीला हे सांगायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. बाई म्हणाल्या, तिनं मला विचारलं होतं. शाळेत अभ्यासक्रमाबाहेरचं काही करू नये अशी लेखी ताकीद त्यांना मिळाली. टोपली खोलीतून निघाली. हजेरीत फक्त 'हजर' राहिलं. शाळेत यायच्या आधी मुली विहिरीवर जमत आणि तिथे एकमेकींना मन विचारत, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही.

काही दिवसांनी दुपारच्या वेळी विजयमाला मागल्या दारानं शाळेत आली. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला. ती दाराशीच बसली. मग सांगू लागली. पंचफुला जेवत नाही, बापाशी बोलत नाही, माझ्याकडे तर पाहतही नाही. रात्री उशाला आईची जुनी चोळी घेते, मी आले की लपवते. सासरच्या बायका म्हणतात दोन ठेवून द्या, ठिकाणावर येईल. माझा हात उचलत नाही. मी काय करू, असं तिनं विचारलं. बोलताना तिलाच रडू फुटलं. तिचं तिला माहेर आठवत होतं आणि ते बोलायची सोय नव्हती.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तिची माय व्हाले जाऊ नका. तिची माय कशी होती ते तिलेच विचारा. अन् तुमी फक्त आयका."

विजयमालेनं ते केलं. पहिल्या दिवशी पंचफुला उठून निघून गेली. नंतर एका दुपारी, घरात कोणी नसताना, विजयमालेनं संदुकीतलं सीताबाईंचं हिरवं लुगडं काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं की हे त्या कधी नेसायच्या. मुलगी बराच वेळ लुगड्यावर हात फिरवत राहिली. मग सांगितलं, पोळ्याला. आई बैलाला ओवाळताना घाबरायची, सांगितलं. भाकरी थापताना हसायची, सांगितलं. बोलता बोलता तिनं तोंड लुगड्यात खुपसलं आणि रडू लागली. ते रडणं मोठं होतं, गोठ्यापर्यंत ऐकू गेलं. दौलतराव शेतातून नुकतेच आले होते. ते ओसरीवरच थांबले. आत आले नाहीत. खांबाला टेकून बसले आणि तोंडावर उपरणं घेतलं. सीताबाई गेल्यावर ते एकदाही रडले नव्हते, असं घरचे सांगत. पेरणी होती, लहान पोर होती, वेळ नव्हता, असं ते म्हणत.

त्या आठवड्यात दौलतरावांनी बंडी जुंपली आणि मुलीला शेलूबाजारला घेऊन गेले. नाल्याकाठी सीताबाईंना आणि बाळाला पोचवलं होतं ती जागा दाखवली. तिथे काही खूण राहिलेली नव्हती, गवत वाढलं होतं. आजीकडे मुक्काम करून दोघं परत आली. येताना पंचफुला बापाच्या शेजारी बसली होती, असं गाडीवानानं गावात सांगितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दौलतराव शाळेसमोरून जाताना थांबले. बाई दारात होत्या. "पोरीले उद्यापासून पाठवतो," म्हणाले. बाई म्हणाल्या, पाठवा. तक्रारीचा विषय निघाला नाही. ताकीद कागदावर तशीच राहिली.

पंचफुला आली. कपाळावर व्रण असलेल्या त्या मुलीशेजारी बसायचं तिनं स्वतः मागितलं. त्या मुलीनं सरकून जागा करून दिली. त्यांचं बोलणं सुरू व्हायला मात्र दिवाळी उजाडली. पंचफुलेचा राग गेला असं नाही. तो यायचा. फरक एवढाच की तो येतो आहे हे तिला आता आधी कळे. ती हात पाठीमागे बांधून बाहेर जाई, कडुनिंबाखाली उभी राही आणि परत येई. बाई तिला हाक मारत नसत.

हळूहळू बाकीच्या मुलीही परतल्या. पुढच्या तपासणीला दुसरे साहेब आले आणि त्यांनी जुना विषय काढला नाही. मन विचारण्याची हजेरी पुन्हा सुरू झाली. ती केव्हा सुरू झाली हे कोणाला नेमकं सांगता येत नाही.

मनकर्णाबाईंनी कामरगावात वीसेक वर्षं नोकरी केली. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला त्या निवृत्त होऊन कारंज्याला गेल्या. पुंजाजी तोवर वारले होते, मळा धाकटा भाऊ नथ्थू पाहत होता. म्हातारपणी बाई तापट झाल्या. भाजीच्या जुड्या सैल बांधल्या की रागवत, नथ्थूच्या सुनांवर ओरडत. एकदा मोठ्या सुनेनं त्यांना तोंडावर म्हटलं की शाळेत पोरींना राग आवरायला शिकवत होता म्हणे. बाईंना ते लागलं. त्या उठून वाफ्यात गेल्या, वांग्यांना पाणी देऊन आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आवराले शिकवत होती. येऊ नये म्हणून नाई." मग दोघींनी मिळून जुड्या बांधल्या. सून पुढे सांगे की त्यानंतरही बाईंचा राग कमी झाला नाही, पण त्या आधी सांगून रागवत.

त्यांच्या अखेरच्या आजारात कामरगावाकडच्या काही बायका भेटून गेल्या. पंचफुला तेव्हा जऊळक्याला दिल्या घरी होती, तिला चार मुलं होती. तिला निरोप उशिरा मिळाला. ती पोचली तेव्हा दहावा होऊन गेला होता. ती दोन दिवस राहिली, नथ्थूच्या सुनांबरोबर भाजी निवडली आणि बाईंबद्दल जे जे आठवत होतं ते सांगत राहिली. मधेमधे रडली. मग परत गेली.