काळी चारच्या जरा खाली

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे राजदीप खोब्रागडेचं दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी ते होळी मात्र दुकानाला कुलूप असतं, कारण त्या दिवसांत तो झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीचा साउंडवाला असतो. हे काम आपलं अंजनाबाईंमुळे टिकलं, असं तो गिऱ्हाइकांपासून सोयऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगतो. कोणी विचारलं नसलं तरी सांगतो.

डिप्लोमाला असताना त्याने एका गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, पहिल्यांदा माइक सांभाळला. अंजनाबाई तेव्हा कंपनीच्या मुख्य गायिका. त्यांनी पद धरलं आणि माइकने अशी शिट्टी मारली, की पुढच्या सतरंजीवरची पोरं कानात बोटं घालून बसली. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि फिरता फिरता आपलाआपण वाढत जातो. कोणी तोंड न उघडता यंत्र गायला लागतं. पुस्तकात यालाच ऑसिलेटर म्हणतात, आणि नेमक्या त्याच पेपरात राजदीपची दांडी उडाली होती. मालक विंगेत दातओठ खात उभा होता. अंजनाबाईंनी पद थांबवलं, कमरेवर हात ठेवला आणि शिट्टी मारणाऱ्या स्पीकरकडे पाहून ओरडल्या, "थांबा जी सासूबाई, येऊन राह्यली!" अख्खा मांडव हसून लोटपोट झाला. राजदीप कामावर राहिला.

आता अंजनाबाई आईच्या भूमिका करतात. यंदाच्या नाटकात त्यांच्या वाट्याला एकच पद होतं, आणि तालमीत वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटला. एकदा नाही, दर वेळी. मालक माणूस वाईट नाही. त्याने हळूच सांगितलं, की रविवारच्या तालमीत जमलं नाही तर पद काढून टाकू. पद काढल्यावर त्या भूमिकेत रडणं आणि मरणं एवढंच उरत होतं, आणि ते तर कंपनीत कोणीही करतं.

राजदीप त्यांच्या घरी गेला. बाई तांदूळ पाखडत होत्या.

"बाई, सुरजले सूर उतरवाले सांगा ना. थो काई नाई म्हननार नाई," तो म्हणाला. सुरज म्हणजे कंपनीचा विजेवरचा ऑर्गन वाजवणारा.

"असं कोनी सांगते काय गा?" बाई म्हणाल्या. ऑर्गन देईल तो सूर घ्यायचा, ही तिथली रीत. "सूर उतरव म्हनलं का बाई म्हातारी झाली, असं सीझनभर गावोगाव होते. अन् उतरवाचा तं कुठवर? माहा गळा आता कुठी बसते, थे मलेच ठाव नाई."

मोबाइलवर तंबोरा मिळतो, तोही राजदीपने त्यांच्या फोनमध्ये घालून दिला होता. पण बाईंचं बोट भलतीकडे पडे, आणि सूर लागतो न लागतो तोच मध्ये जाहिरातीतलं कोणीतरी साबण घ्या म्हणून ओरडे. बाईंनी फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवून दिला.

मग त्याने सूर देणारी डबी करायला घेतली. पहिल्या डबीत त्याने एकच सूर पक्का बसवला, पेटीवरची काळी पाच. बाईंना इतकी वर्षं तिथंच गाताना ऐकलं होतं, दुसरा विचारच डोक्यात आला नाही. बाईंनी डबीबरोबर आवाज लावला. फाटला.

"डबी मस्त हाये, बापू," त्या म्हणाल्या. "माहा गळाच नाई ना."

राजदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारपण ज्यांना चारचौघांत नको होतं, त्यांच्या पुढ्यात त्याने तेच नेऊन ठेवलं होतं. सूर आपण ठरवायचाच नव्हता, बाईंना ठरवू द्यायचा होता.

त्याने डिप्लोमाचं जुनं पुस्तक काढलं आणि दांडी उडवणारा तोच ऑसिलेटरचा धडा उघडला. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक छोटी आयसी. दोन्ही रेझिस्टर एकाच वेळी बदलले की सूर सरकतो. जुन्या स्टीरिओच्या व्हॉल्यूमला एकाच दांड्यावर दोन कंट्रोल असतात, तो त्याने काढून लावला. सूर सरकला, पण टिकेना. झोक्यासारखं होतं ते. फेऱ्यात जेवढं झिजतं तेवढंच परत द्यायला हवं. कमी दिलं तर सूर विझे, जास्त दिलं तर घसा बसल्यासारखा खरखरे. पुस्तक म्हणत होतं, तारेचा लहान बल्ब लावा. आवाज वाढला की त्याची तार तापते आणि ती स्वतःच आवाज आवरते. पण बाजारात आता सगळे एलईडी, त्यांच्यात तारच नसते.

बल्ब शेवटी वस्तीतल्या बुद्धविहारात सापडला. जयंतीच्या रोषणाईच्या जुन्या माळा तिथली देखभाल करणाऱ्या रामाजींनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. "ने बाप्पा, कोनाच्या तरी कामी येऊन राह्यलं," म्हणत त्यांनी सगळी माळच हातात दिली. राजदीपने एक बल्ब जोडला. सूर उठला, जरा डगमगला आणि स्थिर झाला. राजदीप एकटाच दुकानात हसत बसला.

डबी बाईंच्या घरी ठेवून तो लगेच निघाला. ऐकत बसला नाही.

रविवारच्या तालमीला बाई आल्या त्या डबी पदराखाली घेऊनच. पदाची वेळ झाली. सुरजने ऑर्गनवर हात ठेवला.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी डबी सगळ्यांदेखत ऑर्गनवर ठेवली आणि बटण फिरवत नेलं, काळी चारच्या जरा खाली. "ह्या सुरात वाजव, बापू. आता इथी बसते माहा गळा."

सुरजने ऑर्गनची दोनचार बटणं दाबली आणि सूर जुळवला. बाई गायल्या. वरच्या जागेला राजदीपने डोळे मिटून घेतले. आवाज वर गेला, टिकला आणि न फाटता खाली आला.

मालकाने नाकावरचा चष्मा काढून पुसला. "पद राह्यलं," तो म्हणाला. मग अजून वाजत असलेल्या डबीकडे पाहून, "पन बाई, हे शिट्टी वाजवून कोन राह्यलं?"

"राजदीप," बाई म्हणाल्या. "लय वर्साआधी माह्या पदात त्यानं एक शिट्टी वाजवली होती. आज थे सुरात लावून आनली माह्या पोरानं."

राजदीप खाली मान घालून माइकची वायर गुंडाळत बसला.