स्लॉथला नमस्कार

यंदा गणपतीच्या आधी घराला रंग काढला आणि हॉलच्या भिंतीवर मी चार प्राणी लावले. गेंडा, जिराफ, मुंगीखाऊ आणि स्लॉथ. कुठल्याशा जुन्या विलायती पुस्तकातून सुटी केलेली ही पानं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, वर हाताने भरलेले रंग. वाशीच्या एका प्रदर्शनात मी ती पाहिली आणि तिथून हलेचना. काढणाऱ्याने यातला एकही प्राणी जिवंत पाहिलेला नसणार. पेंढा भरलेलं कातडं नाहीतर कुणा खलाशाने केलेलं वर्णन, त्यावरच भागवलेलं. म्हणून गेंड्याच्या अंगावर चिलखत आहे, जिराफाला गाईचे डोळे आहेत आणि झाडाला बिलगलेल्या त्या आळशी स्लॉथला चक्क माणसाचं तोंड आहे, दुपारची झोप मोडलेल्या बाईचं.

मला चित्रांतलं फार कळतं अशातला भाग नाही. पण बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर फायली उपसून घरी आल्यावर समोर काहीतरी वेगळं दिसावं, एवढी हौस माणसाला असू नये का? असावी की. निदान मी स्वतःला तसंच पटवत होते.

अडचण एकच होती. त्या भिंतीवर सासूबाई होत्या.

म्हणजे त्यांचा फोटो. कुणाच्या तरी हळदीच्या ग्रुप फोटोतून मोठा करून घेतलेला, त्यामुळे थोडा धुरकट, वर चंदनाचा हार आणि खाली लाल बल्ब. सासरे, म्हणजे आमचे बाबा, रोज आंघोळ करून त्याच्यासमोर उभे राहायचे, हात जोडायचे, मग चहा. फिरायला उतरताना दारातून तिकडे बघून "येतो गो" म्हणायचे. खाडीकाठच्या गावातला माणूस. भातशेती, मिठागर सगळं या शहराखाली गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी बायकोही गेली. पण मला त्या लाल बल्बचा वैताग यायचा. हॉल आहे की देवघर, असं मी नवऱ्याला एकदा म्हटलंही होतं.

रंगवाले आले तेव्हा फोटो मी सासूबाईंच्याच एका सुती साडीत गुंडाळला आणि बाबांच्या खोलीतल्या दिवाणात, जादा गाद्यांच्या मध्ये ठेवला. रंग होईपर्यंत. रंग झाला, वाळला, आणि सासूबाईंच्या खिळ्यावर मी स्लॉथ टांगला. नवऱ्याने विचारलं, आईचा फोटो? म्हटलं, गणपती होऊ दे, मग बघू. त्याला असलं टेन्शन नकोच असतं. तू काय ते बघ, म्हणून तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळ करून आले. चष्मा बेसिनवरच राहिलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी स्लॉथला हात जोडले.

खोटं कशाला बोलू, आधी मला हसू फुटलं. मी गाळणं हातात घेऊन स्वयंपाकघरात पळाले. हसू ओसरलं तशी स्वतःची लाज वाटायला लागली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ती कुठे आहे? आणि तुमच्या अंथरुणाखाली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मूग गिळून बसले. ते रोज हात जोडत राहिले, मी रोज तिकडे पाठ करून चहा उकळत राहिले.

गणपतीत घर भरलं. सगळे आरती सोडून प्राण्यांकडेच बघत होते, पोरं गेंड्यासोबत सेल्फी काढत होती, आणि मी फुगले होते. तेवढ्यात सासूबाईंच्या बहिणीने विचारलं, ताईचा फोटो दिसत नाही तो? काच फुटली, दुरुस्तीला दिलाय, असं मी ठोकून दिलं. बाबा तिथेच खुर्चीत मोदक खात होते. त्यांनी मान वर केली नाही. ऐकलं नसावं, असं मी धरून चालले.

पण गणपती गेले की पितृपक्ष येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे तिथीच्या दिवशी फोटो पाटावर मांडतात, हार घालतात आणि पुढे पान वाढतात. मी वडे तळत होते. फोटो गुपचूप काढून ठेवू म्हणत राहिले आणि बाबा त्यांच्या खोलीतून हलेनात. मग ते झेंडूचा हार आणायला खाली गेले. मी गॅस बारीक करून निघतेय तोवर लिफ्टचा आवाज आला. आले ते हार हातात घेऊन सरळ भिंतीकडे निघाले. आता हे स्लॉथला हार घालणार.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "तो आईंचा फोटो नाही."

"ठाऊक हाय. ते माकडासारखं कायतरी हाय," ते म्हणाले. "ती माझ्या दिवानात हाय. जरा फळी उचल, मला एकट्याला उचलत नाय."

एकट्याला उचलत नाही. म्हणजे त्यांनी उचलून पाहिली होती, फटीतून तिची साडी दिसण्याएवढी. आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर, त्या गुडघ्यांनी, गादी बाजूला ओढून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फळी उचलली. त्यांनी साडी सोडवली, फोटोवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "काच बरी हाय." बस, एवढंच. पुढे पान वाढलं, कावळ्याचा घास गच्चीवर ठेवला, सगळं रीतीने झालं.

संध्याकाळी मी स्टुलावर चढून स्लॉथ उतरवायला घेतला. बाबा नको म्हणाले. मी विचारलं, माहीत होतं तर रोज हात का जोडत होतात? तर म्हणाले, तिथं उभं राहिल्याबिगर चहा गोड लागत नाही. आणि गणपतीत एवढ्या लोकांनी तुझ्या चित्रांचं नाव काढलं, राहू दे ती, हिला मी माझ्याजवळच ठेवतो. मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधत होते. सापडला असता तर बरं वाटलं असतं. नव्हताच.

"फक्त एक कर, बाय," ते म्हणाले. "मी गेलो की माझा फोटो पन तिथंच ठेव. दिवानात, तिच्या बाजूला."