बॉयलर विझला असता तर

मोताळ्याच्या स्टँडवर मलकापूरची एसटी लागली होती. मी जहाजावर नोकरीला निघालो होतो: मलकापूरहून मुंबई, तिथून विमानानं परदेशातलं बंदर, बंदरातून जहाज. वडील जिनिंगमधून अर्धा दिवस सुट्टी काढून आले होते. केसांत कापसाचे तंतू तसेच होते.

"तुले पोहता येते का बे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जहाजवाल्याले मालूम हाय का हे?"

कंडक्टरही हसला. माय हसली नाही.

जहाज मालवाहू होतं, वाफेवर चालणारं. अशी आता फारशी उरलेली नाहीत. ते लाकूड वाहण्यासाठी बांधलं गेलं. पुढे त्यानं सिमेंट वाहिलं, मग गहू. मालक बदलला की नाव बदलायचं. जुनी नावं रंगाखालून वाचता येत. काळ्या समुद्राकाठी लढाई सुरू झाल्यावर त्यात ताडपत्रीखाली लाकडी पेट्या आल्या. पेट्यांत काय आहे, हे कुणी विचारत नसे. एका हिवाळ्यात तिथल्याच एका बंदरात आम्ही माल उतरवला आणि बाहेरच्या पाण्यात सुरुंग पेरल्याची बातमी आली. जहाज धक्क्यालाच राहिलं.

शेजारच्या गोदामावर बॉम्ब पडला तेव्हा जहाजाच्या तळाला भेग गेली. पाणी सतत उपसावं लागे. पंप, दिवे, ऊब, सगळं बॉयलरवर. बॉयलर सांभाळणारे आम्ही दोघं. त्यातल्या दुसऱ्याच्या हातात लोखंडाचा तुकडा घुसला होता. उरलो मी. शहर रिकामं झालं होतं; त्या थंडीत सगळ्यांना आसरा होता तो जहाजाचाच.

त्याच आठवड्यात वडील कामावर कोसळले आणि गेले. सीमेकडे जाणाऱ्या बसमध्ये एक जागा मिळत होती. तिथून विमान मिळालं असतं, तर अंत्यविधीला पोहोचण्याची थोडी शक्यता होती. मायला फोन केला.

"तू निघाला त बाकीच्याईचं काय होते?" तिनं विचारलं.

"बॉयलर विझते. जहाजात पानी भरते."

"किती जनं हाय तठी?"

"माह्यासंगं सात."

मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"मंग राह्य तठीच," ती म्हणाली.

मी राहिलो. पुढच्या महिन्यात क्षेपणास्त्र थेट जहाजावर पडलं. जहाज धक्क्यालाच बुडालं. सातांतले आम्ही पाच जण वर आलो. माझ्या राहण्यानं काय वाचलं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आता मी गांधीधामला असतो, जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. मुलं घरात हिंदी बोलतात, गल्लीत गुजराती. मोताळ्याला ती 'पापाका गाव' म्हणतात.

त्या वेळी तिथून सुटून घरी आलो तेव्हा कळलं, वडिलांना एक दिवस ठेवलं होतं. मायनं सगळ्यांना सांगितलं होतं की मी निघालो आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सांगितलं, लढाईनं रस्ता बंद झाला. मग भंतेजींनी वंदना घेतली आणि वडिलांना उचललं.

"काऊन सांगितलं असं?" मी विचारलं.

"येत नाही म्हटलं असतं त लोक तुले बोलले असते. रस्ता बंद झाला म्हटलं, त लोक लढाईले बोलले."

माय गेली, म्हणून हे लिहितो आहे. गावी गेलो की विहाराच्या ओट्यावर म्हातारे अजून विचारतात, "तो रस्ता सुरू झाला का बे?"

"नाही अजून," मी सांगतो. ते मला बसायला जागा करून देतात.