खाल्ला की शिरला?

आमच्या लॅबमधले किस्से आठवावे लागत नाहीत. डास पाळले की ते आपोआप साठतात! २००६ च्या सुमारास मी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका मलेरिया लॅबमध्ये होते. नवरा, मंदार, झुइडास या तिथल्या ऑफिसांच्या भागात आयटीत. कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की हा शांतपणे सांगायचा, "डास पाळते." पुण्याहून मावशी फोनवर कळवळली, "अगं, एमएस्सी करून हेच?"

*

पहिल्याच आठवड्यात एक डास पिंजऱ्यातून सुटला. नियम असा, की तो सापडेपर्यंत दार उघडायचं नाही. सगळे जाळ्या घेऊन दबा धरून बसले. डास नेमका माझ्या नाकासमोर आला आणि मी... फाट्! सवय हो, दुसरं काय!

आमचे बॉस विलेम माझ्या तळहाताकडे बघत म्हणाले, "त्याच्यात परजीवी वाढवायला आपले तीन आठवडे गेले होते."

डासातला मलेरिया फक्त उंदरांना होणारा, त्यामुळे मला धोका नव्हता. लाज मात्र भयंकर वाटली.

*

डास चावला की मलेरियाचा परजीवी रक्तातून यकृत गाठतो. तिथे दारातच पहारेकरी पेशी बसलेल्या, येईल त्या जंतूला गिळणाऱ्या. आणि मला हा पठ्ठ्या त्यांच्याच पोटात दिसायचा!

मी म्हणाले, "हा वॉचमनच्या आतून सोसायटीत शिरतोय."

"छे! वॉचमनने त्याला खाल्लंय," विलेम म्हणाले. "खाल्लेला आतच दिसणार."

माझं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट याच एका प्रश्नावर होतं. उत्तर नाही तर मुदतवाढ नाही.

*

घरी मंदारला फोटो दाखवले. वरण ढवळता ढवळता म्हणाला, "एन्ट्री दिसतेय. एक्झिट कुठंय?"

"म्हणजे?"

"खाल्ला असेल तर बाहेर कसा येईल? फोटो काय काढत बसलीस, व्हिडिओ घे ना!"

इतका राग आला! कारण बरोबर बोलत होता.

*

शेवटच्या आठवड्यातला बुधवार. विलेम रेनकोट चढवून सायकलची किल्ली शोधत होते. मी ओरडलेच, "विलेम, दोन मिनिटं!"

स्क्रीनवर, ओळखू यावा म्हणून हिरवा चमकणारा केलेला परजीवी पहारेकरी पेशीत घुसला. थांबला.

"खाल्ला," विलेम म्हणाले.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. मग ती हिरवी रेघ वळवळली आणि पेशीच्या दुसऱ्या बाजूने सुळकन बाहेर! पेशी आपली जागच्या जागी, ढिम्म.

विलेमनी तीनदा बघितलं. रेनकोट काढून खुर्चीवर टाकला.

"तुझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय?"

"शुक्रवारी."

"बरं. सोमवारी किती डास लागतील?"